साप, विंचू आणि सायरन

ठाण्याहून एका वाचक बाईंचं पाच पानी पत्र आलं आहे. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजातल्या, माहेर अलिबागकडचं. त्यांच्या परवानगीने पत्राचा गाभा देते.

‘माझी थोरली बहीण ७६ वर्षांची. लग्न झाल्यावर इस्राएलला गेली, आता अश्केलोनला एकटी राहते. इमारत जुनी, घरात सुरक्षित खोली नाही, सायरन झाला की जिना उतरून तळघरातल्या मिक्लातमध्ये (सार्वजनिक आसऱ्याच्या खोलीत) जावं लागतं. मध्यंतरी एका शुक्रवारी संध्याकाळी ती उभ्याने अमिदा म्हणत असताना सायरन वाजला. शेजारीण दार ठोठावत राहिली, ही जागची हलली नाही. मी रागावले तर म्हणाली, “टाचेला साप विळखा घालून बसला तरी ही प्रार्थना तोडायची नाही, असं आपल्या हजानांनी (प्रार्थना चालवणाऱ्यांनी) शिकवलंय.” शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळचा विश्रांतीचा पवित्र दिवस; त्यात काम, यंत्रं, ओझं वाहणं वर्ज्य) फोनही बंद करून कपाटात ठेवते.

‘तिचा नातू राखीव दलात आहे. चौथ्यांदा बोलावणं आलं. साखरपुडा झालाय, लग्न दोनदा पुढे ढकललं. तोरात (आपल्या मूळ धर्मग्रंथात) म्हटलंय ना, लग्न ठरलेल्याला लढाईला नेऊ नये? मग याला कसं नेतात? तो मला फोनवर म्हणाला, “आजी, शब्बाथला ट्रक चालवला, वायरलेस वापरला. गाझात एका रस्त्याकडेची जैतुनाची झाडं आमच्या बुलडोझरने पाडली. एक म्हातारा लांबून बघत होता. मला झोप लागत नाही.” त्याला काय सांगू?

‘आणि हमासने गाझात नेलेल्या ओलिसांवरून आम्हा बहिणींत अबोला झाला होता. ती म्हणायची, त्यांच्या बदल्यात इतके खुनी सोडणं धर्माला धरून नाही. मी म्हणायचे, आधी पोरं घरी येऊ देत. आमच्यात चूक कोण?’

प्रिय ताई, शालोम.

मी रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, नाही. शाळेत मराठी शिकवलं, आणि वडिलांच्या मागे राहिलेली हिब्रू पुस्तकं उतारवयात शिकून वाचली, एवढंच माझं भांडवल. जिथे रब्बायलाच विचारायला हवं, तिथे तसं सांगेन. पण बहिणीच्या बाबतीत वाट बघायला वेळ नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

सापाचं वाक्य खरं आहे. मिश्ना म्हणजे आपल्या धर्मनियमांचा जुना संग्रह. त्यात बेराखोथ नावाचा भाग आहे, त्याच्या पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ते येतं. प्रार्थनेला उभं राहिल्यावर राजाने खुशाली विचारली तरी उत्तर देऊ नये, टाचेला सापाने विळखा घातला तरी थांबू नये. हजानांनी शिकवलं ते बरोबरच होतं, फक्त धडा अर्ध्यावर थांबला. मिश्नावर पुढे तल्मूदात जी चर्चा झाली, तिथे रव शेशेथ नावाचे पंडित लगेच म्हणतात की हे सापापुरतं झालं, विंचू असेल तर प्रार्थना तोडायची. भाष्यकार कारण देतात: साप छेडल्याशिवाय सहसा चावत नाही, विंचू नांगी मारल्याशिवाय राहत नाही. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी शुल्खान आरुख हा नियमांचा ग्रंथ रचला, त्यात आणखी एक पाऊल पुढे आहे. साप चिडून अंगावर आलेला दिसला, तर त्याच्यासाठीही थांबावं.

आपण कोकणातली माणसं. पायाशी दिवड आली तर आपण उभे राहतो, फुरसं दिसलं तर उडी मारतो. बहिणीला असंच विचारा, अश्केलोनवर येतं ते दिवड आहे की फुरसं? गाझाकडून रॉकेट सुटलं की तिच्या गावाला सायरननंतर ३० सेकंद मिळतात. सत्तरी उलटलेल्या बाईला त्यात जिना उतरायचा असतो. अमिदा मधेच सोडून निघण्याची तिला मुभा आहे असं मी म्हणत नाही. तिने निघालंच पाहिजे, कारण हलाखा, म्हणजे आपला धर्मनियम, तिला तसा हुकूम करतो. प्रार्थनेचं राहिलेलं मिक्लातमध्ये पुरं करता येईल. किती थांबलो त्यावर कुठून सुरू करायचं याचेही नियम आहेत, ते तिथल्या रब्बायला विचारावेत.

याचं मूळ तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आहे: माझे नियम पाळा, ते पाळणारा माणूस त्यांच्यामुळे जगेल. तल्मूदात शमुएल या पंडितांनी त्याचा अर्थ स्पष्ट केला, जगावं, मरू नये. या तत्त्वाला पिकुआख नेफेश म्हणतात. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ, उपवास, खाण्यापिण्याचे निर्बंध, सगळं बाजूला होतं. धोका नक्की असायलाही हवा असं नाही, नुसती शंका पुरते. बाजूला न होणाऱ्या गोष्टी तीनच: मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि निरपराधाचा खून. यातली तिसरी ध्यानात ठेवा, नातवाच्या प्रश्नाशी परत येऊ.

फोनबद्दलही तेच. हमासने हल्ला केला त्या ७ ऑक्टोबर २०२३ला शनिवार होता आणि सिम्हात तोराचा सणही. धर्म पाळणाऱ्या असंख्य घरांत फोन बंद होते. त्यानंतरच्या महिन्यांत इस्राएलच्या कितीतरी रब्बायांनी स्वच्छ सांगितलं आहे की धोक्याच्या भागात राहणाऱ्याने सूचना मिळेल अशी सोय शब्बाथलाही चालू ठेवावी. फोन शुक्रवारीच चार्जिंगला लावून ठेवायचा, गप्पा किंवा बातम्यांसाठी हात लावायचा नाही, तो फक्त ओरडायला ठेवायचा. फोन नकोच वाटत असेल तर रेडिओवर मूक वाहिनी असते. दिवसभर तिच्यावर काहीच लागत नाही, फक्त सायरन आणि सूचना येतात. शब्बाथ सुरू व्हायच्या आधी ती लावून ठेवली की बटणाला हात लावायचा प्रश्न उरत नाही. किल्ली, चष्मा, गोळ्यांची डबी एका पिशवीत दाराशी टांगून ठेवायला सांगा. शब्बाथला पिशवी उचलू का, जिन्यातला दिवा लावू का, असा विचार तिने करत बसू नये. अंधारात पाय घसरला तर काय होईल, एवढाच विचार तिथे करायचा. मेणबत्त्या मात्र खिडकीच्या पडद्यापासून दूर, पत्र्याच्या ताटात ठेवू देत, म्हणजे पेटत्या सोडून निघताना जीव मागे ओढणार नाही.

१९९१च्या जानेवारीत मी इस्राएलमधल्या लोदला मावशीकडे होते. इराककडून क्षेपणास्त्रं येत होती. खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्टी, आणि प्रत्येकाच्या गळ्यात गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा. मावशी शब्बाथला रुमालसुद्धा हातात घेऊन बाहेर पडायची नाही. त्या शनिवारी सिनेगॉगला निघताना ती डब्याकडे बघत दारात थांबली. शेजारचे म्हातारे येमेनी गृहस्थ जिन्यात होते. त्यांनी काही न बोलता स्वतःच्या गळ्यातला डबा वर उचलून दाखवला. मावशीने आपला गळ्यात घातला आणि निघाली. पंचक्रोशीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस नव्हता, म्हणूनच तिला ते पटलं. तुमच्या बहिणीलाही तुमच्या फोनपेक्षा तिच्या सिनेगॉगमधल्या, ती ज्यांना मानते अशा एखाद्या वडीलधाऱ्याने सांगितलेलं पटेल. त्यांचा नंबर मिळवा.

हे आजकालच्या रब्बायांनी सोयीसाठी काढलं, असं तुमची बहीण म्हणाली तर तिला हनुकाची, आपल्या दिव्यांच्या सणाची, आठवण द्या. ते दिवे आपण ज्यांच्यासाठी लावतो, त्या मक्काबींच्या बंडाच्या सुरुवातीला, इ.स.पू. १६७च्या सुमारास, काही धर्मनिष्ठ कुटुंबं रानातल्या गुहांत लपली होती. राजाचं सैन्य शब्बाथलाच चालून गेलं. आज दगड उचलणार नाही, गुहेचं तोंडही बुजवणार नाही, असं म्हणून ती माणसं बसून राहिली. मक्काबींच्या इतिहासात आकडा १,००० दिला आहे, बायकामुलांसकट. बंडाचा म्होरक्या मत्तथ्या आणि त्याच्या मुलांनी शोक केला, आणि ठरवलं की यापुढे शब्बाथला कुणी चालून आलं तर लढायचं, नाहीतर शब्बाथ पाळायला कुणी उरणार नाही. तल्मूदातही हाच विचार आहे: एका माणसासाठी एक शब्बाथ मोडा, म्हणजे तो पुढचे पुष्कळ शब्बाथ पाळेल.

आता नातू. पुढचं थोडं त्याच्याशीच बोलते, तुम्ही वाचून दाखवा.

बाळा, तू शब्बाथला ट्रक चालवलास, वायरलेसवर बोललास. तल्मूदाच्या एरुविन भागात सरहद्दीवरच्या गावांचा नियम आहे. शत्रू तिथे नुसता पेंढा नि गवत न्यायला आला तरी शब्बाथला हत्यार घेऊन बाहेर पडावं, कारण सरहद्द फुटली की पुढचा मुलूख उघडा पडतो. आणि त्याच ठिकाणी दुसरं लिहिलंय, जे मला जास्त आवडतं: मदतीला गेलेल्यांनी काम झाल्यावर हत्यारांसकट आपल्या जागी परत यावं. धोका तर टळला होता, मग शब्बाथला हत्यार वाहून परत येण्याची सूट का? कारण परतीची वाट बंद केली, तर पुढच्या वेळी माणूस निघतानाच कचरेल. नियम करणाऱ्यांनी घरी परतणाऱ्याचा विचार केला होता.

रामबाम, म्हणजे मायमोनिडीझ, बाराव्या शतकातले. ते लिहितात की शब्बाथला जीव वाचवायचं काम मुलांवर किंवा परधर्मीयांवर ढकलू नये, इस्राएलच्या मोठ्यात मोठ्या पंडितांनी ते स्वतः करावं. तोराचे नियम जगावर सूड घ्यायला दिलेले नाहीत, ते दया, माया आणि शांतीसाठी आहेत, असंही ते तिथेच म्हणतात. तेव्हा जे गरजेचं होतं, त्याबद्दल प्रायश्चित्त शोधत बसू नकोस. मात्र गरजेचं नव्हतं तिथे शब्बाथ शब्बाथच असतो. पहारा संपल्यावर उगाच मोबाइल चाळायला युद्धाचं कारण लागू पडत नाही. आणि किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला, वाइन नसेल तर ब्रेडवर म्हण, चालतं.

लग्नाचं लवकर आटपते, कारण उत्तर जुनं आणि ठरलेलं आहे. तोरातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात आहे ते असं: सैन्य निघण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी पुकारावं, की कुणी नवं घर बांधून त्यात राहायला गेला नसेल, द्राक्षमळा लावून फळ चाखलं नसेल, लग्न ठरवून बायको घरी आणली नसेल, तर त्याने परत जावं. शेवटी म्हणतात, ज्याचं मन भ्यालेलं असेल त्यानेही जावं. पण मिश्नात स्पष्ट केलंय की ही सवलत राजाने हौसेने काढलेल्या मोहिमेसाठी आहे. चालून आलेल्या शत्रूपासून लोकांना वाचवायचं असेल तेव्हा सगळे निघतात, नवरदेव आपल्या खोलीतून आणि नवरी आपल्या मंडपातून. आजच्या बहुतेक रब्बायांनी इस्राएलच्या संरक्षणाच्या लढाया याच दुसऱ्या जातीत धरल्या आहेत. ही ओळ येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, शिकणाऱ्या तरुणांना का लागू नये, यावर तिथे मोठं भांडण आहे. २५ जून २०२४ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही भरती करा असा निकाल दिला, तरी ते मिटलेलं नाही.

भ्यालेल्या मनाबद्दल मात्र एक सांगायचं राहिलं. रब्बाय अकिवा म्हणत, शब्दशः घ्या, ज्याला उपसलेली तलवार बघवत नाही तो. रब्बाय योसे गलीलकर म्हणत, आपल्या पापांनी जो भ्याला तो. आणि घर, मळा, लग्न ही कारणं आधी का पुकारायची? तर त्यांच्या गर्दीत हाही निघून जाईल, आणि हा भिऊन गेला असं कुणाला कळणार नाही. भित्र्याची अब्रू राखायची तजवीज युद्धाच्या नियमांत केलेली आहे, ताई. नातवाला झोप लागत नसेल तर ते लपवायचं काही नाही. तिथल्या सैन्यात मानसिक आरोग्याचे अधिकारी असतात, त्यांच्याकडे जायला त्याला बळ द्या.

आता जैतुनाची झाडं. इथे मला जपून बोलायचं आहे, पण गुळमुळीत बोलायचं नाही.

अनुवादच्या त्याच अध्यायात, १९व्या ओवीत, आज्ञा आहे. शहराला वेढा घालून बसलास तरी त्याच्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नकोस. रानातलं झाड म्हणजे काय माणूस आहे, की तू त्याला वेढा घालावास? रामबाम यावर लिहितात की झाड दुसऱ्या पिकाला अपाय करत असेल किंवा तसंच खरं कारण असेल तर तोडता येतं, पण नासधूस म्हणून तोडणाऱ्याला फटक्यांची शिक्षा. हा नियम ते झाडांपाशी थांबवत नाहीत. भांडी फोडणं, कपडे फाडणं, घर पाडणं, पाण्याचा झरा बुजवणं, अन्न नासवणं, सगळं त्यात घेतात. त्याच प्रकरणांत ते सांगतात की लढण्याआधी शांतीचा प्रस्ताव द्यायचा, आणि शहराला चारही बाजूंनी वेढायचं नाही, जीव वाचवून पळणाऱ्यांसाठी चौथी बाजू मोकळी ठेवायची. १९८२ साली इस्राएलने बैरुतला वेढा घातला तेव्हा हा नियम आजही लागू आहे असं रब्बाय श्लोमो गोरेन यांनी जाहीरपणे मांडलं. इस्राएलच्या सैन्याचे ते पहिले मुख्य रब्बाय. रब्बाय शाउल यिस्राएली यांनी त्यांच्याशी मतभेद नोंदवला. म्हणजे जाणकारांत एकमत नाही, आणि या युद्धात काही रब्बायांच्या तोंडून फार कठोर बोलही निघाले. मी मात्र ही पानं जितकी वाचते, तितकं मला दिसतं की रागाने केलेल्या नासधुशीला त्यांत कुठे जागा नाही.

तेव्हा नातवाला झाडांबद्दल एकच विचारा, तेही उलटतपासणी न करता. तिथून कुणी नेम धरत होतं, म्हणून पाडली? की पाडता येत होती, म्हणून पाडली? पहिलं असेल तर दुःख राहील, पण दोष नाही. दुसरं असेल, तर त्याला होणारा त्रास त्या आज्ञेचाच आहे, आणि “विसर, बाळा” म्हणून तो जाणार नाही. पुढच्या वेळी अधिकाऱ्याला “हे कशासाठी?” असं विचारायला तोरा त्याला शिकवते. तोरातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात भाऊ एसाव ४०० माणसं घेऊन येतोय असं कळल्यावर याकोब भ्याला आणि व्याकूळ झाला, असे दोन शब्द आहेत. राशी नावाच्या भाष्यकारांनी अर्थ लावला: मारला जाईन म्हणून भ्याला, आणि दुसऱ्याला मारावं लागेल म्हणून व्याकूळ झाला. हे दुसरं दुःख ज्याला होतं, त्याच्यात काही बिघडलेलं नाही.

मघाशी तीन न मोडणाऱ्या गोष्टी सांगितल्या. तिसरीमागची गोष्ट तल्मूदात अशी. एक माणूस रव्वा नावाच्या पंडितांकडे आला आणि म्हणाला, गावच्या अधिकाऱ्याने बजावलंय, अमक्याला ठार मार नाहीतर तुला मारीन. रव्वा म्हणाले, मग तू मर, पण मारू नकोस. तुझं रक्त त्याच्यापेक्षा जास्त लाल आहे, असं कुणी सांगितलं? जो मारायला धावून येतो त्याला मारायला हलाखा परवानगी देतो, नव्हे, सांगतो. जो धावून आलेला नाही, त्याचं रक्त तेवढंच लाल. गाझात हजारो घरांत मृत्यू झाले आहेत, त्यांत लेकरं आहेत. ७ ऑक्टोबरला आपल्या माणसांचं जे झालं त्यावर मी आजही रडते, आणि या लेकरांवरही. यासाठी मला धर्माबाहेर जावं लागत नाही. लाल समुद्रात मिसरी, म्हणजे आपला पाठलाग करणारे इजिप्तचे सैनिक, बुडत असताना देवदूत गाऊ लागले, तेव्हा देव म्हणाला, माझ्या हातची माणसं बुडताहेत आणि तुम्ही गाता? हे आपल्याच ग्रंथात आहे.

तो घरी आला की एक करा. तोरातल्या गणना या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात लढून आलेल्यांना सात दिवस छावणीबाहेर राहून, कपडे आणि हत्यारं शुद्ध करून मग आत यायला सांगितलं आहे. तो शवस्पर्शाच्या विटाळाचा विधी, आज तसा पाळला जात नाही. पण त्या सात दिवसांत मला शहाणपण दिसतं. आल्याआल्या लग्नाची खरेदी नको, पाहुणे नकोत, “किती जण मारलेस?” असं विचारणारा मामा तर नकोच. आजीकडे राहू दे, खाऊ दे, झोपू दे.

राहिलं ओलिसांचं. तुमची बहीण म्हणते ते मिश्नात गित्तिन भागाच्या चौथ्या अध्यायात आहे: कैद्यांना त्यांच्या मोलापेक्षा जास्त देऊन सोडवू नये. तल्मूद दोन कारणं सुचवतं, एक समाजावरचा भार, दुसरं म्हणजे जास्त दिलं की पळवणाऱ्यांना चटक लागते. जर्मनीतले रोथेनबुर्गचे रब्बाय मैर १२८६ साली पकडले गेले. परंपरा सांगते की मोठी खंडणी देऊन सोडवायला त्यांनी स्वतःच नकार दिला. १२९३ला ते कैदेतच वारले, आणि त्यांचं प्रेत मिळवून दफन करायला आणखी १४ वर्षं लागली. बहीण काही निष्ठुरपणे बोलत नव्हती, तिच्या पाठीशी असा माणूस आहे.

तुमच्या पाठीशीही आहेत. शुल्खान आरुख म्हणतं की सोडवणं शक्य असताना केलेला एकेक क्षणाचा उशीर रक्त सांडल्यासारखा आहे. १९७६च्या जूनमध्ये विमान पळवून एन्टेबीला नेलं, तेव्हा रब्बाय ओवादिया योसेफ यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांचा कौल होता की समोर असलेल्या माणसांचा जीव आज धोक्यात आहे, सोडलेल्या कैद्यांपासूनचा धोका उद्याचा आणि संशयाचा, म्हणून अदलाबदल करता येते. मलाही मनापासून हेच पटतं. पण उद्याचा धोका किती मोठा, हा प्रश्न ग्रंथाने सुटत नाही. तिथे सैन्याचं आणि सरकारचं ऐकावं लागतं, आणि तेही चुकतात. २०११मध्ये एका सैनिकाच्या बदल्यात १,०२७ कैदी सोडले, त्यांत ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याचा पुढचा सूत्रधार याह्या सिनवार होता. हे बहिणीला माहीत असणार, म्हणून ती तसं बोलते. तुम्ही दोघी एकाच नियमाची दोन टोकं धरून बसल्या होतात.

कधी मुंबईला मस्जिद बंदरच्या बाजूला गेलात तर सॅम्युएल स्ट्रीटवर शाअर हारहमीम सिनेगॉगसमोर क्षणभर थांबा. ते १७९६ साली ज्यांनी बांधलं ते आपले सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले होते. सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस त्यांनी केला, असं आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शाअर हारहमीम म्हणजे दयेचं दार. सुटून आलेल्या कैद्याने हे नाव निवडलं.

बहिणीला फोन शुक्रवारीच करा, तिकडे दिवे लागायच्या तासभर आधी. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतीन. ओलिसांचा विषय काढू नका. आधी विंचवाचं सांगा, मग रेडिओ लावलाय का विचारा, पिशवी दाराशी आहे का विचारा. आणि ती दिवे लावायला उठेपर्यंत फोन ठेवू नका.